आयन-विनिमयानंतर झिओलाइटचे एक्सआरडी पीक बसले? ‘रचना नष्ट झाली’ असं लिहिण्याआधी हे तपासा

सोडियम-वाय झिओलाइट (बारीक पोकळ्यांचा स्फटिकी पदार्थ, पोकळ्यांत सोडियम आयन) घ्यायचं, सिझियम नायट्रेटच्या द्रावणात ६० अंश सेल्सियसला दोन-तीनदा ढवळायचं, गाळायचं, धुवायचं, वाळवायचं आणि एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाला, द्यायचं. दुसऱ्या दिवशी पॅटर्न (कोनानुसार तीव्रतेचा आलेख) हातात येतो तेव्हा सगळे पीक, म्हणजे आलेखातले सुळके, जागच्या जागी असतात, पण उंची पार बसलेली. सॉफ्टवेअर मूळ सोडियम-वायशी तुलना करून सापेक्ष स्फटिकता (मूळच्या मानाने किती स्फटिक रचना उरली) सांगतं २८ टक्के. मग माझ्या टेबलाशी येऊन कुणीतरी विचारतं, ‘मॅडम, स्ट्रक्चर गेलं का?’

पावडर एक्सआरडीचं यंत्र सांभाळताना हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला आहे की उत्तर एकदा नीट लिहून ठेवायचं ठरवलं. एका विद्यार्थिनीने तर प्रबंधाच्या मसुद्यात ‘आयन-विनिमयामुळे झिओलाइटची रचना सुमारे ७० टक्के नष्ट झाली’ असं वाक्य घालूनही टाकलं होतं. तिच्या सिझियम-वायच्या सॅम्पलचीच गोष्ट पुढे अधूनमधून येईल. सिझियम नायट्रेटचं द्रावण जवळपास उदासीन असतं. ६० अंशांच्या उदासीन पाण्यात वाय झिओलाइटची चौकट मोडायला काही कारणच नाही. तरी पीक बसले होते, आणि ते खरोखरच बसले होते. यंत्राची चूक नव्हती.

भिंती आणि भाडेकरू

वाय झिओलाइटच्या एका एकक पेशीत (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यात) सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम मिळून १९२ अणू असतात. नेहमीच्या नमुन्यात ५६ ॲल्युमिनियम, १३६ सिलिकॉन आणि त्यांना जोडणारे ३८४ ऑक्सिजन. प्रत्येक ॲल्युमिनियममागे चौकटीवर एक ऋणभार येतो, तो फेडायला ५६ सोडियम आयन, आणि उरलेल्या पोकळ्यांत साधारण २५० पाण्याचे रेणू. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन या भिंती. सोडियम आणि पाणी हे भाडेकरू. आयन-विनिमयात आपण भाडेकरू बदलतो, भिंतींना हात लावत नाही.

क्ष-किरणांना मात्र भिंत आणि भाडेकरू हा भेद कळत नाही. त्यांना इलेक्ट्रॉन दिसतात. सोडियम आयनात १० इलेक्ट्रॉन, पाण्याच्या रेणूत १०, अमोनियम आयनातही १०. त्यामुळे सोडियम-वायचं अमोनियम-वाय केलं तर पॅटर्न फारसा हलत नाही आणि सगळे खुशीत असतात. पोटॅशियम आणि कॅल्शियमच्या आयनांत १८, द्विसंयुजी तांब्यात २७, चांदीत ४६, सिझियम आणि लॅन्थॅनममध्ये ५४. वाय झिओलाइटमधले साधारण १६ सोडियम लहान पिंजऱ्यांत बसलेले असतात, तिथवर सिझियमसारखा मोठा आयन सहसा पोचत नाही. म्हणजे ५६ पैकी सुमारे ४० जागा बदलल्या. प्रत्येक बदलीत ४४ इलेक्ट्रॉन जास्त, ४० जागांचे १७६०. अख्ख्या चौकटीचे मिळून इलेक्ट्रॉन ५७०० च्या आसपास. इतका मोठा बदल झाल्यावर पॅटर्न जुनाच राहील अशी अपेक्षा धरणं हीच पहिली चूक.

सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट: शोषण

पीक बसले की बहुतेकांच्या मनात दोनच शक्यता येतात: रचना मोडली किंवा सॅम्पल होल्डरमध्ये नीट भरलं गेलं नाही. तिसरी शक्यता सुचतच नाही. जड आयन क्ष-किरण गिळतात.

यंत्रातल्या तांब्याच्या नळीतून निघणाऱ्या कॉपर के-अल्फा किरणांसाठी सोडियमचा वस्तुमान-शोषण गुणांक सुमारे ३० आहे, सिझियमचा ३०० च्या वर (एकक चौरस सेंटिमीटर प्रति ग्रॅम). पाण्यासकट सोडियम-वायचा हिशोब केला तर साधारण २८ येतो. ४० सिझियम असलेल्या वायचा १०० च्या पुढे जातो. शिवाय पेशीचं वजन वाढल्यामुळे घनताही वाढते. दोन्ही मिळून रेषीय शोषण चौपटीहून जास्त होतं. सपाट होल्डरमध्ये जाड थर भरून मोजताना पीकची तीव्रता या शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असते, कारण किरण आत कमी खोलीपर्यंत जातात आणि कमी स्फटिक विवर्तनात भाग घेतात. म्हणजे चौकट शंभर टक्के शाबूत असली तरी निव्वळ शोषणामुळे सगळे पीक पाव उंचीवर येऊ शकतात. तिच्या पॅटर्नमधला २८ टक्के हा आकडा इथेच जवळपास समजतो. लॅन्थॅनमच्या बाबतीत आयनांची संख्या कमी, पेशीला १५ च्या आसपास, म्हणून फटका कमी बसतो, तरी शोषण दुपटीच्या पुढे जातंच.

शोषण सगळ्या पीकना सारखंच खाली आणतं आणि खरा विनाशही सगळ्यांना सारखंच खाली आणतो, त्यामुळे नुसत्या पीकच्या उंचीवरून हे दोन वेगळे करता येत नाहीत. याला मला माहीत असलेला खात्रीचा उपाय म्हणजे अंतर्गत प्रमाण, म्हणजे ठरलेल्या वजनाचा ओळखीचा स्फटिक पदार्थ, मिसळणं. सिझियम-वाय आणि सोडियम-वाय, दोन्हींत वजनाने २० टक्के शुद्ध कोरंडम (स्फटिकी ॲल्युमिनियम ऑक्साइड) नीट खलून मिसळा. कोरंडमचा ४३.४ अंशांजवळचा पीक वायच्या मोठ्या पीकपासून दूर, मोकळ्या जागी येतो. झिओलाइटच्या पीकची बेरीज भागिले कोरंडमच्या त्या पीकचं क्षेत्रफळ, हे गुणोत्तर दोन्ही सॅम्पलमध्ये काढा. एकाच मिश्रणातल्या दोन्ही पदार्थांना तेच शोषण लागू होतं, त्यामुळे ते भागाकारात निघून जातं. खलताना मात्र हात हलका ठेवा. अगेट मॉर्टरमध्ये वीस मिनिटं जोर लावून रगडलेलं झिओलाइट खरंच मोडतं, आणि मग आपण शोधतोय ते नुकसान आपणच केलेलं असतं. थोडं अल्कोहोल घालून चार-पाच मिनिटं पुरे.

आणखी एक सापळा. पीक बसले म्हणून मुलं घाईने नायट्रोजन अधिशोषण (पृष्ठफळ मोजायची पद्धत) करतात, तिथेही पृष्ठफळ कमी आलेलं दिसतं आणि ‘दोन पद्धतींनी सिद्ध झालं’ असं वाटतं. कोरड्या सोडियम-वायच्या पेशीचं वजन सुमारे १२,७६० एकक, ४० सिझियम असलेल्या वायचं सुमारे १७,१६०. पृष्ठफळ प्रति ग्रॅम मोजतात. त्यामुळे नुसत्या वजनवाढीनेच आकडा पाव हिश्शाने घटतो, सिझियमने पोकळीत अडवलेली जागा तर वेगळीच. तुलना प्रति ग्रॅम चौकटीवर करा, प्रति ग्रॅम सॅम्पलवर नको.

पीक सारखे बसले नाहीत, काही चढले, काही उतरले

हे दिसलं तर अर्धी काळजी मिटली, कारण चौकट मोडताना एखादा पीक वर जात नाही. पीक वर-खाली होतात ते इलेक्ट्रॉनांची वाटणी बदलल्यामुळे. आयन पेशीत ज्या जागी बसतो त्यानुसार त्याने विखुरलेली लाट चौकटीच्या लाटेत मिसळते: एका परावर्तनात भर घालते, दुसऱ्यात काट मारते. पोकळ्यांतल्या भाडेकरूंचा हिस्सा लहान कोनांवर सर्वांत जास्त जाणवतो, म्हणून (१११), (२२०), (३११) हे पहिले तीन पीक (कंसातले आकडे म्हणजे तो पीक देणाऱ्या स्फटिक-प्रतलांचं नाव) सर्वाधिक चंचल असतात. वाय झिओलाइटमध्ये ते अनुक्रमे ६.२, १०.१ आणि ११.९ अंशांजवळ येतात.

साध्या सोडियम-वायमध्ये (२२०) हा (३११) पेक्षा उंच असतो. मोठ्या पोकळीत धातूचं अवजड संकुल (धातू आणि त्याला बांधलेले रेणू) बसलं की हा क्रम उलटतो. क्वेल आणि लन्सफर्ड यांनी १९८२ मध्ये रुथेनियमच्या संकुलावर काम करताना हे नोंदवलं, आणि तेव्हापासून संकुल पोकळीच्या आत तयार झाल्याची खूण म्हणून ते वापरलं जातं. क्रम उलटला म्हणजे संकुल झालंच, असं मात्र धरून चालू नका. साधे आयन एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकले तरी हे गुणोत्तर हलतं.

लॅन्थॅनमचं उदाहरण बघण्यासारखं आहे. खोलीच्या तापमानाला लॅन्थॅनमचा आयन पाण्याचं जाड आवरण घेऊन मोठ्या पोकळीत बसलेला असतो. सोडालाइट पिंजऱ्याच्या (हाच तो लहान पिंजरा) सहा-कड्यांच्या दारातून त्याला आवरणासकट आत जाता येत नाही. सॅम्पल फर्नेसमध्ये तापवलं की आवरण सुटतं, आयन दारातून आत सरकतो आणि लहान पिंजऱ्यात ठाण मांडतो. तापवण्याआधीचा आणि नंतरचा पॅटर्न शेजारी ठेवला तर लहान कोनांवरच्या तीव्रता वेगळ्या दिसतात. भिंती त्याच, भाडेकरू तोच, खोली बदललेली.

याच कारणासाठी एएसटीएम या मानकसंस्थेच्या डी ३९०६ पद्धतीत सापेक्ष तीव्रता काढताना पहिले तीन पीक घेतच नाहीत. तिथे (३३१) पासून (६६४) पर्यंतचे आठ पीक बेरजेला धरतात, म्हणजे साधारण १५.७ ते ३४ अंश. आमच्याकडे येणाऱ्या अर्ध्याअधिक तक्रारींत स्फटिकता एकट्या (१११) वरून काढलेली असते. सर्वांत उंच पीक म्हणून तोच डोळ्यांत भरतो आणि झिओलाइटच्या बाबतीत तोच सर्वांत कमी भरवशाचा. आणि आठ पीक घेतले तरी, पद्धतीतच म्हटल्याप्रमाणे, आयन बदलल्यावर तीव्रता बदलू शकते. तुलना सारख्या आयनाच्या सॅम्पलशीच खरी.

पाणी: पुण्यातला मे आणि पुण्यातला जुलै

सोडियम-वायच्या वजनातला जवळपास पाव हिस्सा पाणी असतं. पाण्याच्या रेणूचे इलेक्ट्रॉन सोडियमइतकेच, आणि संख्या २५०. पोकळ्या पाण्याने भरलेल्या आहेत की रिकाम्या यावर लहान कोनांचे पीक मोठ्या प्रमाणात ठरतात. पाणी काढून टाकलेल्या वायमध्ये (१११) चांगलाच उंचावतो, कारण रिकामी पोकळी आणि भरीव भिंत यांतला फरक ठळक होतो.

आता आमच्याकडचं चित्र बघा. मे महिन्याच्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत. जुलैत खिडकीच्या काचेवर ओल. एकाने मूळ सोडियम-वायचा पॅटर्न मेमध्ये काढला होता, ओव्हनमधून काढून थेट होल्डरमध्ये भरून. विनिमय केलेलं कॅल्शियम-वाय जुलैत, दोन दिवस उघड्या बशीत राहिलेलं. दोन्हींची तुलना करून त्याने (१११) चाळीस टक्के घटल्याचं लिहिलं. मी त्याच्याकडून जुन्या बाटलीतलं सोडियम-वाय मागवून त्याच दिवशी, तशाच बशीत ठेवून मोजलं. (१११) त्याचाही उतरला होता. घट सोडियम-कॅल्शियमची कमी आणि मे-जुलैची जास्त होती.

उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो. डी ३९०६ मध्ये सॅम्पल आधी १०० अंशांना तासभर वाळवून मग ३५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत किमान १६ तास ठेवायला सांगितलंय. डेसिकेटरच्या तळाशी सिलिका जेलच्या जागी मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण ठेवा. मीठ तळाशी न विरघळलेलं दिसलं पाहिजे. २५ अंशांना त्यावरच्या हवेत सुमारे ३३ टक्के आर्द्रता राहते आणि आपल्या कामाला ती पुरते. संध्याकाळी बशा आत ठेवा, दुसऱ्या दिवशी मोजा. तुलना करायची सगळी सॅम्पल एकाच डेसिकेटरमध्ये, एकाच रात्री. यात एकच लक्षात ठेवायचं: तितक्याच आर्द्रतेतही सिझियम-वाय सोडियम-वायपेक्षा कमी पाणी धरतं, कारण सिझियमने जागा अडवलेली असते. ही तफावत मिटत नाही, पण ती निदान पदार्थाचीच असते, हवामानाची राहत नाही.

पीक सरकले तर

पेशी खरंच फुगली की आकुंचन पावली, की होल्डर खाली-वर बसला? वायचा सेल पॅरामीटर, म्हणजे पेशीच्या कडेची लांबी, सुमारे २४.६५ अँगस्ट्रॉम. १५० मिलिमीटर त्रिज्येच्या यंत्रात सॅम्पलचा पृष्ठभाग ०.१ मिलिमीटर खाली गेला, म्हणजे एका वहीच्या पानाच्या जाडीइतका, तर पीक जवळपास ०.०८ अंश लहान कोनाकडे सरकतात. (५३३) पीक २३.६५ अंशांजवळ असतो. त्यावरून काढलेला सेल पॅरामीटर एवढ्याने ०.०८ अँगस्ट्रॉम मोठा येतो. (१११) वरून काढला तर तब्बल ०.३ ने मोठा. निदानही यातच आहे: वेगवेगळ्या पीकवरून वेगवेगळा सेल पॅरामीटर येत असेल आणि लहान कोनाकडे तफावत वाढत असेल, तर दोष उंचीचा. सगळ्या पीकवरून एकच आकडा येत असेल तर पेशी खरी बदलली.

या ०.०८ चं महत्त्व कळायला हवं. ब्रेक आणि फ्लॅनिजेन यांच्या प्रसिद्ध सूत्रात पेशीतल्या ॲल्युमिनियमची संख्या म्हणजे ११५.२ गुणिले (सेल पॅरामीटर वजा २४.१९१). ०.०८ ची चूक तिथे नऊ ॲल्युमिनियम होऊन बाहेर पडते. शिवाय हे सूत्र पाणीयुक्त सोडियम रूपावर बसवलेलं आहे. लॅन्थॅनम किंवा सिझियमच्या वायला ते लावून सिलिकॉन-ॲल्युमिनियम गुणोत्तर काढू नका. त्यासाठी आयसीपी (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणारी पद्धत) किंवा सिलिकॉन एनएमआर (सिलिकॉनभोवतीची रचना दाखवणारी) आहे.

उंचीचा दोष काढायला सॅम्पलमध्ये थोडी सिलिकॉन पावडर मिसळतात, तिचा पहिला पीक २८.४४ अंशांवर येतो. पण सिरियमचा विनिमय करून सॅम्पल तापवलं असेल तर सिलिकॉन वापरू नका. बाहेर पडलेल्या सिरियम ऑक्साइडचा सेल पॅरामीटर ५.४११ अँगस्ट्रॉम, सिलिकॉनचा ५.४३१. दोघांचे पीक जवळजवळ एकमेकांवरच बसतात. एकदा आम्ही दोन दिवस सिलिकॉनचा पीक ‘रुंद का झाला’ याचा शोध घेत होतो. तिथे दोन पदार्थ होते. सिरियमसाठी कोरंडमच बरं.

वायची चौकट ताठ आहे, म्हणून तिथे खरं सरकणं कमी असतं. सगळी झिओलाइटं अशी नाहीत. रो झिओलाइटची १५ अँगस्ट्रॉमची पेशी आयन बदलून पाणी काढलं की १४.५ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. पी झिओलाइट तर नुसता आयन बदलला तरी मुरडतं, आणि एकेका पीकचे दोन झालेले दिसतात. तिथे ‘नवा फेज आला’, म्हणजे वेगळाच स्फटिक पदार्थ झाला, म्हणण्याआधी सममिती कमी झाली आहे का ते बघा.

आपल्या दख्खनच्या बेसॉल्टातली नैसर्गिक झिओलाइटं घेऊन काम करणारेही येतात. वाघोलीच्या खाणीतलं ह्युलंडाइट किंवा स्टिल्बाइट हातात घेतलं की मन हरखतं, पण ती पानासारखी पापुद्रे सुटणारी खनिजं आहेत. होल्डरमध्ये काचेने दाबून भरली की सगळे पापुद्रे आडवे झोपतात, एकच पीक गगनाला भिडतो आणि बाकीचे गायब. विनिमयाआधीचं आणि नंतरचं सॅम्पल वेगवेगळ्या जोराने दाबलं गेलं तर तो फरक आयनाच्या खात्यावर जमा होतो. होल्डर मागून किंवा बाजूने भरा. ह्युलंडाइटवर आयनाचा खरा परिणाम बघायचा तर तापवून बघा: कॅल्शियमयुक्त ह्युलंडाइट ४५० अंशांना रात्रभर ठेवलं तर कोसळतं, पोटॅशियम घातलं की तगून राहण्याची ताकद वाढते.

अनोळखी पीक आणि चढलेला तळ

लोखंड किंवा कोबाल्टच्या सॅम्पलमध्ये पॅटर्नचा तळच उंचावतो आणि पीक त्यात बुडतात. कॉपर के-अल्फाच्या ऊर्जेने हे दोन्ही धातू जोरात प्रतिदीप्त होतात, म्हणजे स्वतःचे क्ष-किरण सोडतात. कोबाल्टची नळी असेल तर ती वापरा, नसेल तर डिटेक्टरची ऊर्जा-खिडकी अरुंद करा किंवा मोनोक्रोमेटर लावा. निकेल आणि तांब्याच्या बाबतीत के-अल्फामुळे हा त्रास होत नाही.

अनोळखी पीकचं मूळ बहुतेक वेळा विनिमयाच्या बीकरमध्ये असतं. सोडियम-वाय साध्या पाण्यात टाकलं की पीएच ९ च्या पुढे चढतो. त्यात तांब्याचं द्रावण भरकन ओतलं की क्षार आयन म्हणून आत जाण्याऐवजी बाहेरच साका होऊन बसतो. डोळ्यांनाही दिसतं: नीट झालेलं तांबे-वाय वाळल्यावर एकसारखं फिकट निळं असतं, साका असेल तर हिरवट छटा आणि बीकरच्या काठाला चिकटलेली हिरवी कड. पॅटर्नमध्ये १२.८ अंशांजवळ मूलीय कॉपर नायट्रेटचा पीक दिसतो. वायचा स्वतःचा एक लहानसा पीक १२.४ जवळ असतो, त्यात गल्लत नको. तेच सॅम्पल तापवलं की ३५.५ आणि ३८.७ ला कॉपर ऑक्साइड.

प्रमाणही मोजूनच घ्या. एक ग्रॅम पाणीयुक्त सोडियम-वायमध्ये सुमारे ३.२ मिलिमोल सोडियम, म्हणजे द्विसंयुजी तांबे मावेल १.६ मिलिमोल. ०.०५ मोलर द्रावणाचे ५० मिलिलिटर भरपूर झाले. ते थेंबाथेंबाने सोडा, पीएच ५ ते ६ दरम्यान ठेवा.

चांदीसाठी नळाचं पाणी अजिबात नको. त्यातल्या क्लोराइडने सिल्व्हर क्लोराइड होतं, ३२.२ अंशांवर पीक येतो आणि पावडर उजेडात जांभळट-करडी पडते. ३८.१ वर पीक आला तर धातुरूप चांदी. झिंक ऑक्साइडचा पहिला पीक ३१.८ ला, वायचा मोठा पीक ३१.४ ला, म्हणून जस्ताच्या बाबतीत ३४.४ आणि ३६.३ कडे बघा. २९.४ ला बारीकसा पीक असेल तर बहुधा सॅम्पल पुरतं धुतलं गेलेलं नाही, सोडियम नायट्रेट राहिलंय. आणि धातूचे किंवा ऑक्साइडचे कण दोन-तीन नॅनोमीटरपेक्षा लहान असतील तर पीक दिसणारच नाही. पीक नाही म्हणून ऑक्साइड नाही, असं एक्सआरडीवरून सांगता येत नाही.

खरंच मोडलं तर ते कसं ओळखायचं

होतंही तसं, आणि बहुतेकदा आम्लामुळे. फेरिक नायट्रेटचं द्रावण स्वतःच बरंच आम्ल असतं. ए झिओलाइटमध्ये सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम एकास एक, आम्लाने ॲल्युमिनियम उपटलं की मागे उभं राहायला काही उरत नाही. ए किंवा एक्स झिओलाइट फेरिक क्षारात टाकून पॅटर्न मिळेल अशी आशा धरू नका. अमोनियम रूपातलं ए तापवलं तरी तेच. वाय जास्त सोशिक आहे, पण पीएच ३ च्या खाली तेही झिजायला लागतं.

खऱ्या पडझडीत पीक बसतातच, शिवाय २० ते ३० अंशांच्या पट्ट्यात रुंद फुगवटा उठतो, आणि गाळून आलेल्या पाण्यात ॲल्युमिनियम किंवा सिलिकॉन सापडतं. ते गाळलेलं पाणी ओतून देऊ नका. लेबल लावून आयसीपीसाठी ठेवा, इतका स्वस्त आणि थेट पुरावा दुसरा मिळत नाही.

आणि सर्वांत मोठी कसोटी: भाडेकरू परत पाठवा. न तापवलेलं सिझियम-वाय अर्धा ग्रॅम घ्या, १ मोलर सोडियम क्लोराइडच्या ५० मिलिलिटरमध्ये ६० अंशांना तासभर ढवळा, गाळा, पुन्हा नवीन द्रावण. असं पाच-सहा वेळा, कारण वायला सिझियम आवडतो आणि तो सहजी सोडत नाही. मग सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने गढूळ होईनासं होईपर्यंत डिस्टिल्ड पाण्याने धुवा. सोबत मूळ सोडियम-वायचंही एक सॅम्पल याच सगळ्या धुलाईतून न्या, म्हणजे धुण्यात काही गेलं असेल तर तेही कळेल. दोन्ही एकाच डेसिकेटरमध्ये, एकाच होल्डरमध्ये, एकाच सेटिंगवर. चौकट शाबूत असेल तर पीक परत उभे राहतात. मोडलेली चौकट सोडियम घालून परत उभी राहत नाही. लॅन्थॅनम घालून तापवलेल्या सॅम्पलला ही कसोटी लागू नाही, लहान पिंजऱ्यात गेलेला आयन असा बाहेर येत नाही. चांदी काळवंडली असेल तरी नाही.

त्या विद्यार्थिनीने हे सगळं केलं, एक आठवडा गेला. कोरंडम मिसळून काढलेलं गुणोत्तर सोडियम-वायच्या बरंच जवळ आलं. सोडियम परत घातल्यावर आठ पीकची बेरीज सोबत धुतलेल्या सॅम्पलच्या ९५ टक्के आली, आणि गाळलेल्या पाण्यात ॲल्युमिनियम नगण्य. तिच्या प्रबंधात आता ते वाक्य असं आहे: ‘सिझियम-विनिमयानंतर विवर्तन तीव्रतेत झालेली घट मुख्यतः सिझियमच्या क्ष-किरण शोषणामुळे आहे, उलट विनिमयाने चौकट अबाधित असल्याचे दिसते.’ खाली मूळ सोडियम-वाय, सिझियम-वाय आणि सोडियम परत घातलेलं वाय असे तिन्ही पॅटर्न एकावर एक लावलेले आहेत, मधला बसका, वरचा आणि खालचा जवळजवळ सारखे.